व्हेल न दाखवता व्हेलवरची फिल्म

आमच्या शॉर्ट फिल्ममधे व्हेल दिसत नाही. एकदाही नाही. असं सांगितलं की लोक आधी विचारतात मग फिल्म कशावर आहे, आणि लगेच पुढचा प्रश्न, स्टोरी काय आहे. बोलताना अर्ध्या गोष्टी राहून जातात म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू. फिल्म अजून पूर्ण झालेली नाही पण एडिट जवळपास ठरलाय, आणि आम्हाला काय म्हणायचंय ते आता डोक्यात पक्कं बसलंय.

तर चौदा मिनिटांची एक्सपेरिमेंटल फिल्म आहे, विषय व्हेल आणि हवामान संकट. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, पात्रं नाहीत. पडद्यावर हाताने रंगवलेली १६ एमएमची पट्टी, समुद्राचं पाणी, मोजका मजकूर आणि बराच वेळ नुसता काळा पडदा. बाकी सगळी भिस्त आवाजावर.

व्हेल का नाही याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे तो ड्रोन शॉट आपण सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलाय की आता तो डोळ्यांवरून नुसता सरकून जातो. निळंशार पाणी, वरून दिसणारी ती प्रचंड पाठ, सोबत पिल्लू, खाली पियानो, आणि शेवटी एक ओळ की हा जीव धोक्यात आहे. बघणाऱ्याला वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण ते वाईट वाटणं व्हेलपाशी सुरू होऊन व्हेलपाशीच संपतं. धोका कुठून येतोय ते त्या फ्रेममधे कधीच नसतं. दुसरं कारण अगदी साधं आहे. व्हेल शूट करायचा तर इंजिनाची बोट घेऊन त्याच्या जवळ जावं लागतं, आणि ज्या फिल्मचा मुख्य मुद्दाच इंजिन आहे त्या फिल्मसाठी आणखी एक इंजिन त्याच्या कानाशी नेऊन उभं करायचं हे आम्हाला दोघांनाही पटेना. दोघं म्हणजे मी आणि माझा साऊंड करणारा मित्र. एडिट आणि रंगकाम माझं, आवाज सगळा त्याचा.

इंजिन हा मुद्दा कसा आला ते सांगते, पण त्याआधी कान.

बॅलीन व्हेल म्हणजे ज्यांना दात नसतात आणि जे गाळून खातात ते, निळा देवमासा, फिन, हम्पबॅक वगैरे. यांच्या कानाची नळी बाहेरच्या बाजूने जवळजवळ बंदच असते. त्यामुळे कानात तयार होणारं मेण बाहेर पडत नाही, जन्मापासून मरेपर्यंत ते आतच थरावर थर साठत जातं आणि त्याचा एक लांबट खुंटा तयार होतो. तो उभा कापला की आत फिकट आणि गडद पट्टे दिसतात, एकाआड एक. भरपेट खाण्याचे महिने आणि लांबच्या स्थलांतराचे महिने यांचे थर वेगवेगळे पडतात, म्हणजे ढोबळमानाने एक पट्टा सहा महिन्यांचा. पूर्वी शास्त्रज्ञ हे पट्टे मोजून व्हेलचं वय काढायचे आणि त्यासाठी जमवलेले असे कित्येक खुंटे म्युझियमांमधून वर्षानुवर्षं तसेच पडून होते.

मग स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेन्को या अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या लोकांनी ते मेणच तपासायचं ठरवलं. २००७ मधे कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक निळा देवमासा जहाजाच्या धडकेने मेला होता, त्याच्या कानातला सुमारे पंचवीस सेंटिमीटरचा खुंटा त्यांनी थराथराने तपासला आणि २०१३ मधे त्याचा पेपर आला. त्यात त्या एका जिवाचं अख्खं आयुष्य निघालं. ताणाचं हार्मोन कॉर्टिसोल कधी वाढलं, वयात कधी आला, पारा कधी शरीरात गेला, कीटकनाशकं कधी गेली. आणि ती कीटकनाशकं सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांतच, म्हणजे आईकडून आलेली.

मी हे वाचलं आणि बाकीचं सगळं बाजूला ठेवलं, कारण एडिटिंग करणाऱ्या माणसाला फिकट-गडद-फिकट-गडद अशी पट्टी दाखवली की त्याला दुसरं काही सुचूच शकत नाही. ती फिल्मच आहे. डोक्याच्या आत, अंधारात, दर सहा महिन्यांनी एक फ्रेम.

२०१८ मधे याच लोकांनी पुढचा अभ्यास केला. फिन, हम्पबॅक आणि निळे देवमासे मिळून वीस खुंटे, आणि सगळे एकत्र लावले तर १८७० पासून २०१६ पर्यंतचा काळ. कॉर्टिसोलचा आलेख त्यांनी शिकारीच्या आकड्यांशेजारी ठेवला आणि दोन्ही रेषा जवळजवळ सोबत चालतात. शिकार वाढली की ताण वाढला, १९६० च्या दशकात शिकार टोकाला गेली तेव्हा ताणही टोकाला. यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांच्या कानातलं हे मेण आहे ते त्या क्षणी जिवंत होते. हार्पून, म्हणजे व्हेल मारायचा भाला, त्यांना लागलेला नव्हता, आजूबाजूच्यांना लागत होता.

दोन ठिकाणी मात्र रेषा फुटतात. एक दुसरं महायुद्ध. युद्धात व्हेलची शिकार एकदम कमी झाली पण कॉर्टिसोल खाली यायच्या ऐवजी वर गेलं. युद्धनौका, पाणबुड्या, पाण्यातले स्फोट, हे त्याचं कारण असावं असं संशोधकांचं म्हणणं. आणि दुसरं सत्तरच्या दशकानंतर. शिकार आटोक्यात आली, ताण खाली आला, आणि मग हळूहळू परत चढायला लागला, यावेळी हार्पूनशिवाय. ही चढण समुद्राच्या पृष्ठभागाच्या वाढत्या तापमानाबरोबर जाते.

आमच्या फिल्मचा मधला भाग म्हणजे हाच आलेख, फ्रेममधे उतरवलेला. १८७० ते २०१६ म्हणजे १४६ वर्षं, सहा महिन्यांना एक फ्रेम म्हटलं तर २९२ फ्रेम्स. सेकंदाला २४ च्या वेगाने चालवल्या तर बारा सेकंद! दीडशे वर्षं बारा सेकंदांत भर्रकन निघून जातात, डोळ्याला नुसती एक थरथर दिसते, काहीतरी काळवंडलं आणि पुन्हा उजळलं एवढंच. मग तीच पट्टी आम्ही पुन्हा दाखवतो पण आता प्रत्येक फ्रेम एक सेकंद धरून. ते होतात चार मिनिटं बावन्न सेकंद. पहिल्या वेळी जे थरथर म्हणून निसटलं ते आता बसून बघावं लागतं, सहा महिने, सहा महिने, सहा महिने.

हे मी कोऱ्या पारदर्शक १६ एमएम पट्टीवर हाताने केलंय. लाईट टेबलवर पट्टी अंथरायची, भिंग लावायचं, आणि जेमतेम दहा मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत सगळ्यात बारीक ब्रशने शाई. ताण जितका जास्त तितके शाईचे हात जास्त. साठच्या दशकातल्या फ्रेम्सवर इतके थर झालेत की वाळल्यावर शाईला तडे गेले आणि प्रोजेक्टरचा दिवा त्या तड्यांतून बारीक रेषांसारखा फुटून येतो, असं होईल हे ठरवलेलं नव्हतं पण ते तसंच ठेवलं. चाळीसच्या दशकात काळ्याच्या जागी मी निळसर शाई वापरलीय कारण तो ताण वेगळ्या कारणाचा आहे आणि बघणाऱ्याला काहीतरी बदललं एवढं तरी जाणवावं. आणि शेवटच्या चाळीस वर्षांना शाईच नाही. तिथे पट्टी खालून तापवलीय. तापवलेली पट्टी किंचित वाकते, फोकस सुटतो, कडा पिवळट पडतात. माझ्या मते फिल्ममधली ही सगळ्यात खरी जागा आहे कारण तिथे मी काही चितारत नाहीये, उष्णता जे करते तेच ती करतेय.

आता आवाज.

निळ्या देवमाशाची हाक साधारण १० ते ४० हर्ट्झची. माणसाला २० च्या खाली ऐकूच येत नाही, आणि त्याच्या वरचंसुद्धा चांगला मोठा स्पीकर असेल तरच. म्हणून माहितीपटात ही हाक कित्येक पट वेगाने वाजवतात, मग ती कानाला गोड लागते. आमचं ठरलं की वेग वाढवायचा नाही. मूळ रेकॉर्डिंग अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या सार्वजनिक संग्रहातलं आहे, पाण्याखाली ठेवलेल्या हायड्रोफोनचं, म्हणजे पाण्यातल्या माईकचं. मोठ्या थिएटरात चांगला सबवूफर असेल तर ती हाक ऐकू येण्यापेक्षा बसल्या जागी अंगाला जाणवते, खुर्चीच्या हातात, छातीत.

पण फिल्म लोक फोनवर बघणार ना! फोनच्या स्पीकरला एवढा खालचा आवाज काढताच येत नाही, म्हणजे तिथे पूर्ण शांतता. यावरून आमच्यात बरेच दिवस वाद चालला. त्याचं म्हणणं, अरे आपण हार्मोनिक्स घालू, म्हणजे मूळ आवाजाच्या पटीतले वरचे स्वर हळूच मिसळायचे, मग मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, बास वाढवायची ही नेहमीची युक्ती आहे. मी नको म्हणत होते. माझं म्हणणं एवढंच की आपल्याला ऐकू येत नाही हीच तर गोष्ट आहे, समुद्रात आपण जे काही करतोय ते आपल्या ऐकण्याच्या बाहेर घडतंय, मग ते सोयीचं करून का द्यायचं. शेवटी तोडगा असा निघाला की ऑनलाइन व्हर्जनमधे त्या जागी काळ्या पडद्यावर तीन शब्द येतात, 'इथे आवाज आहे', आणि ते तेवढा वेळ तिथेच राहतात. ज्यांना मुळात ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठीही आम्ही कॅप्शन करतोय, तर त्यांच्या आणि फोनवाल्यांच्या पडद्यावर त्या क्षणी एकच गोष्ट दिसेल. हे मला आवडलंय.

आणि या आवाजावर सतत बसलेला दुसरा आवाज म्हणजे जहाजांचा. मोठ्या मालवाहू जहाजाच्या पंख्याचा आणि इंजिनाचा आवाज नेमका याच खालच्या पट्टीतला असतो. म्हणजे व्हेल ज्या पट्टीत एकमेकांना हाका मारतात तीच पट्टी आपण भरून टाकलीय. याचा त्यांना किती त्रास होतो हे कळलं ते एका भयंकर प्रसंगामुळे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची ये-जा एकदम घटली. कॅनडाच्या बे ऑफ फंडीमधे तेव्हा राइट व्हेल या जातीचा अभ्यास चालू होता, त्यांची विष्ठा गोळा करून त्यातली हार्मोन्स तपासत होते. (त्या कामासाठी बोटीवर वासाने विष्ठा शोधणारी कुत्रीसुद्धा असतात, ती पुढे झुकून दिशा दाखवतात, हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू.) नंतर रोझलिंड रोलंड आणि सहकाऱ्यांनी सगळी माहिती एकत्र लावली आणि २०१२ मधे छापली. त्या दिवसांत पाण्यातला आवाज ६ डेसिबलने कमी झाला होता आणि राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची हार्मोन्सही कमी झाली होती. ६ डेसिबल म्हणजे आवाजाचा दाब निम्मा. जहाजं परत सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत ताण पुन्हा तिथेच.

फिल्ममधे हा भाग चाळीस सेकंदांचा आहे. पडद्यावर फक्त पाण्याचा पृष्ठभाग, आणि पहिल्या सेकंदापासून जो घरघराट चालू आहे, ज्याची तोपर्यंत सवय होऊन तो ऐकू यायचा बंद झालाय, तो बरोब्बर ६ डेसिबलने खाली येतो. चाळीस सेकंदांनी परत वर. तारीख नाही, मजकूर नाही. काही जणांना कच्चा कट दाखवला तेव्हा बहुतेकांना नेमकं काय झालं ते सांगता आलं नाही पण 'मधे एकदा बरं वाटलं' असं ते म्हणाले, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

इंजिनाचा मुद्दा इथे जोडला जातो. एक गोष्ट फार वेळा सांगितली जाते की पूर्वी दिव्यांसाठी व्हेलचं तेल जाळायचे, मग १८५९ मधे पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल आलं आणि व्हेल वाचले. मीही ही गोष्ट कित्येकदा ऐकलीय. पण आकडे बघितले तर गोष्ट पूर्ण उलटी आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात राइट, बोहेड, स्पर्म असे हळू पोहणारे व्हेलच मारता यायचे, निळा आणि फिन यांना गाठणं वल्ह्यांच्या होडीला शक्यच नव्हतं, आणि मारले तरी ते बुडायचे. मग वाफेची जहाजं आली, नॉर्वेच्या स्वेन फॉइनने १८७० च्या सुमाराला स्फोटक हार्पूनची तोफ आणली, मेलेला व्हेल बुडू नये म्हणून त्याच्या अंगात पंपाने हवा भरायला लागले, आणि १९२५ पासून अख्खा व्हेल मागच्या उतारावरून वर ओढून घेणारी कारखाना-जहाजं अंटार्क्टिकाला जायला लागली. सगळं कोळशावर, तेलावर. १९३०-३१ च्या एका मोसमात अंटार्क्टिकाच्या पाण्यात २९ हजारांहून जास्त निळे देवमासे मारले. संपूर्ण विसाव्या शतकात सगळ्या जातींचे मिळून सुमारे २९ लाख व्हेल. अंटार्क्टिकाचे निळे देवमासे एक टक्क्याहून कमी उरले. आणि त्या तेलाचं काय केलं तर साबण आणि मार्गारिन.

म्हणजे खनिज इंधनाने व्हेल वाचवले नाहीत, खनिज इंधनानेच ते जवळजवळ संपवले. आणि आता जे इंजिन त्यांना धडकतं, ज्याचा आवाज त्यांच्या हाकांवर बसतो, आणि ज्याच्या धुराने त्यांचं पाणी तापतं, ते तेच आहे. आमच्या फिल्मला म्हणायचंय ते एवढंच. व्हेलचं संकट आणि हवामानाचं संकट असे दोन विषय नाहीत. म्हणून चौदा मिनिटं इंजिनाचा आवाज चालू आहे, फक्त काळानुसार तो बदलतो, आधी वाफेचा ठेका, मग डिझेल.

पाणी तापतं म्हणजे व्हेलला नेमकं काय होतं, हे बऱ्याच जणांना स्पष्ट नसतं. गरम पाण्याने व्हेल भाजत नाही, त्याचं अन्न हलतं. उत्तर अटलांटिकचा राइट व्हेल घ्या, जगात आता चारशेहून कमी उरलेत. ते जे इवलेसे कोपेपॉड खातात, तांदळाच्या दाण्याएवढे, ते अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या गल्फ ऑफ मेनचं पाणी झपाट्याने तापल्यावर तिथून कमी झाले. व्हेल अन्नाच्या मागे उत्तरेला कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तिथे ते येतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे जहाजांना वेगमर्यादा नाही, मासेमारीच्या दोरांवर बंधनं नाहीत. २०१७ मधे कॅनडा आणि अमेरिका मिळून सतरा मेलेले सापडले, ज्यांचं कारण कळलं ते धडक नाहीतर दोर. आता यांना कोणी मारलं म्हणायचं, हवामानाने की जहाजाने?

ग्रे व्हेलचं आणखी वेगळं. ते आर्क्टिकच्या तळाच्या चिखलातले बारीक जीव खातात, त्या जीवांना खाणं मिळतं ते वरच्या बर्फाखाली वाढून खाली पडणाऱ्या शेवाळातून. बर्फाचं गणित बदललं की हे सगळं खालपर्यंत बदलत जातं. २०१६ च्या सुमाराला पॅसिफिकच्या पूर्वेकडे हे २७ हजारांच्या आसपास होते, २०२३ मधे साडेचौदा हजारांच्या आसपास. किनाऱ्यावर लागलेले कित्येक तर अगदी खंगलेले होते.

आणि हम्पबॅक, जो सगळ्यांच्या कौतुकाचा. शिकार थांबल्यावर हा खरोखर परत आला, दक्षिण अटलांटिकच्या पश्चिमेकडे तर साधारण साडेचारशेवरून पंचवीस हजारांवर. म्हणजे थांबवलं तर सावरतात, याचा पुरावा आहे आपल्याकडे. पण उत्तर पॅसिफिकमधे २०१४ ते २०१६ उष्णतेची मोठी सागरी लाट होती, तिला 'द ब्लॉब' असं नाव पडलं होतं. त्यानंतर तिथले हम्पबॅक घटले, २०१२ मधे सुमारे ३३ हजार होते ते २०२१ पर्यंत २० टक्क्यांनी कमी. हे कळलं ते त्यांच्या शेपटीच्या खालच्या बाजूच्या फोटोंवरून. तिथला काळा-पांढरा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो, पर्यटकांनी आणि संशोधकांनी काढलेले फोटो कॉम्प्युटरने जुळवतात, आणि मग एखादी शेपटी वर्षानुवर्षं दिसत राहते आणि एका वर्षानंतर दिसतच नाही. आमच्या फिल्ममधे काही फ्रेम्सवर मी असे काळे-पांढरे डाग खरवडलेत, शेपटी म्हणून कोणी ओळखणार नाही. ते तीनचार वेळा येतात आणि मग येत नाहीत.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम वगळली आणि त्यावरून बरेच जण नाराज आहेत. व्हेल कार्बन शोषतात, व्हेल वाचवा म्हणजे हवामान वाचेल, हा मुद्दा. याच्या मुळाशी खरं विज्ञान आहे. व्हेल खोलवर खातात आणि वर येऊन विष्ठा टाकतात, तिच्यात लोह आणि नायट्रोजन असतो, त्यावर वरचं शेवाळ वाढतं, आणि मेलेला व्हेल तळाशी गेला की त्याच्या शरीरातला कार्बनही खाली जातो. तळाशी पडलेल्या सांगाड्यावर तर दशकानुदशकं अख्खी वस्ती जगते, १९८७ मधे कॅलिफोर्नियाजवळ पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना अशी वस्ती पहिल्यांदा दिसली, पुढे अशा सांगाड्यांवर हाडं पोखरून खाणारे किडेही सापडले. हे सगळं अद्भुत आहे आणि मला त्यावर वेगळी फिल्म करायला आवडेल. पण २०१९ मधे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मासिकात एक लेख आला, त्यात एका मोठ्या व्हेलची किंमत २० लाख डॉलरहून जास्त काढली होती, आणि एक व्हेल सरासरी ३३ टन कार्बन डायऑक्साइड खाली नेतो असं म्हटलं होतं. त्याच लेखात व्हेलची जगातली संख्या १३ लाखांच्या आसपास दिलीय. गुणाकार करून बघा, साधारण ४.३ कोटी टन. माणूस खनिज इंधनातून वर्षाला जवळपास ३,७०० कोटी टन सोडतो, म्हणजे दिवसाला दहा कोटींच्या वर. आज असलेल्या सगळ्या व्हेलनी आयुष्यभर गोळा केलेला कार्बन आपण दहाएक तासांत सोडतो. तर हे ओझं त्यांच्यावर टाकू नये असं मला मनापासून वाटतं. व्हेल आपल्या उपयोगाचा आहे म्हणून वाचवा, हे वाक्य मार्गारिनच्या काळातही चाललं असतं.

हम्पबॅकचं गाणंही घेतलेलं नाही. १९७० मधे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी त्या गाण्याची रेकॉर्ड काढली आणि तिने जग बदललं हे अक्षरशः खरं आहे. लोकांनी पहिल्यांदा ते ऐकलं, शिकारीविरुद्धची चळवळ उभी राहिली, १९८२ मधे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला, १९८६ पासून ती लागू झाली. १९७७ मधे व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत हे आवाज अवकाशातही गेले. पण तेव्हा एक सोय होती, समोर हार्पून होता आणि हार्पूनवर एक हात होता, त्या हाताला थांब म्हणता येत होतं. आज तो हात कुठे दाखवायचा? गाणं वाजवलं की लोक डोळे मिटतात, शांत होतात, आणि आम्हाला ते नकोय.

मग करता येण्यासारखं काही आहे की नाही असं कच्चा कट बघून एकीने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. आवाज ही एक अशी गोष्ट आहे की बंद केली की त्याच क्षणी संपते, मागे काही उरत नाही, कार्बनसारखं शेकडो वर्षं वातावरणात राहत नाही. आणि जहाज हळू चालवलं की एकाच वेळी तीन गोष्टी होतात, बहुतेक जहाजांचा आवाज कमी होतो, व्हेल धडकून मरायची शक्यता कमी होते आणि इंधन कमी जळतं. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर शक्ती जवळजवळ २७ टक्के कमी लागते, प्रवास लांबतो ते धरूनही इंधन १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काही भागांत, ठरावीक मोसमात, मोठ्या जहाजांना १० नॉटची (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) मर्यादा २००८ पासून आहेच. हे काही स्वप्नातलं तंत्रज्ञान नाही, कमी दाबायचंय एवढंच.

त्यामुळे फिल्मची शेवटची तीन मिनिटं याच्यावर आहेत. एकच जहाज, पाण्याखालून ऐकलेलं, आणि त्याचा वेग हळूहळू उतरत जातो. पंख्याचे ठोके सुटे सुटे ऐकू यायला लागतात, आणि त्यांच्या मधल्या फटींमधून ती खालची हाक, आधी नाही, मग असावी असं वाटतं, मग आहे. मित्राला शेवटी इंजिन पूर्ण बंद करायचं होतं. त्याने तसा मिक्स करूनही दाखवला आणि तो फार सुंदर आहे, बघणाऱ्याला हलकं वाटतं. मी नाही म्हटलं. इंजिन बंद झालेलं नाहीये, खोटं कशाला सांगायचं. हळू झालेलं इंजिन आणि हाक, दोन्ही एकत्र चालू असतानाच फिल्म कट होते, फेड नाही. त्याला ते अजून पूर्ण पटलेलं नाहीये पण पुढच्या आठवड्यात मिक्स लॉक करायचाय, आणि तोपर्यंत तो दोन्ही व्हर्जन मोठ्या स्पीकरवर लागोपाठ ऐकणार आहे असं म्हणालाय. ऑनलाइन कट त्यानंतर लगेच टाकू. शक्य असेल तर हेडफोन लावून बघा, आवाज थोडा मोठा ठेवा.